अर्धं आळं

त्या रानात एक नदी होती, नदीला दोन काठ होते आणि दोन्ही काठांवर एकाच वाघाचं राज्य होतं. वाघ एका काठावर राहत असे. दुसरा काठ त्याने कधी पाहिलाही नव्हता. त्यामुळे एका वर्षी आपल्याकडचं गवत वाळलं, तेव्हा त्याने शेळ्यांना बोलावून अगदी मोठ्या मनाने सांगितलं, "नदी ओलांडा. पलीकडचं रान तुमचं." न पाहिलेली वस्तू देताना कोणाचाच हात आखडत नाही.

शेळ्या नदी ओलांडून गेल्या. तिथे पांगाऱ्यांची दाट राई होती आणि त्या राईत वानरांची वस्ती होती. पहिल्या वर्षी शेळ्या वानरांशी फार अदबीने वागल्या, कारण त्या थोड्या होत्या. पुढे त्यांची संख्या वाढली आणि अदब आपोआप कमी होत गेली. आधी त्यांनी खालचा पाला खाल्ला, मग दातांनी बुंधे पोखरून फांद्या पाडल्या आणि त्या फांद्यांचे खांब रोवून स्वतःभोवती कुंपणं घातली. प्रत्येक नव्या कुंपणाबरोबर वानरं थोडी मागे सरकली. शेवटी ती डोंगराच्या उतारावर जाऊन बसली. तिथून त्यांना आपली राई दिसे, म्हणजे राईचे खांब दिसत.

वाघ या उपकाराच्या बदल्यात एकच गोष्ट मागत असे. प्रत्येक शेळीचं पहिलं करडू त्याच्याकडे पाठवायचं. नदीचं पाणी ओसरलं की करडांचा कळप उथळ पाण्यातून पलीकडे जाई. त्यांचं पुढे काय होतं हे कोणी विचारत नसे, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

खैरीचंही पहिलं करडू असंच गेलं होतं. खैरी म्हणजे तांबूस अंगाची, जरा हट्टी अशी एक शेळी. करडू पाण्यात शिरताना मागे वळून ओरडलं होतं आणि ते ओरडणं तिच्या कानातून कधीच गेलं नाही. म्हणून ज्या दिवशी शेळ्यांच्या मोठ्या सभेत ठरलं की यापुढे वाघाला एकही करडू द्यायचं नाही, आपण कोणाच्या ताब्यातल्या नाही, आपण आपल्या, त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने खैरी ओरडली. तिचा घसा पुढे कितीतरी दिवस बसलेला होता.

मग लढाई पेटली. खरी लढाई नदीकाठी होती. खैरी तेव्हा पुन्हा गाभण होती, आणि वाघाच्या पंजापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. राईच्या अगदी टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी, शेळ्यांचा शेवटचा कोट होता. ती तिथे गेली. हे दुसरं करडू कोणाला म्हणजे कोणाला मिळू द्यायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

त्या कोटाचा म्होरक्या जटाळ नावाचा बोकड होता. केसांच्या झिपऱ्यांमधून त्याचे डोळे क्वचितच दिसत. आवाज मात्र सदैव ऐकू येई. त्याने कोटाला एकच कायदा घालून दिला होता: ज्याचा खांब, त्याचं शिंग. कोटात राहायला येणाऱ्या प्रत्येक शेळीने आपला खांब आपण आणायचा, आपण रोवायचा आणि जीव गेला तरी आपणच राखायचा. खैरीनेही एक पांगारा पाडून आपला खांब आणला आणि रोवला. आणताना त्याच्या टोकाला अजून दोन पानं होती, ती तिने वाटेतच खाऊन टाकली.

वाघ लढाईत चतुर होता. त्याने वानरांकडे निरोप पाठवला, "शेळ्यांना हुसकावून लावा. ते रान तुमचं." आता हे रान वाघाने दुसऱ्यांदा दिलं होतं, पण वानरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. ती डोंगर उतरून आली आणि त्यांनी कोटाला वेढा घातला.

वेढा म्हणजे काय हे शेळ्यांना लवकरच कळलं. कोटाबाहेर पाऊल पडलं की उतारावरून दगड येत. चरायला गेलेल्या पहिल्या टोळीतली एकही परत आली नाही. कोटात पाण्याचा एक झिरा होता, त्यामुळे तहान भागे. पण गवत किती पुरणार? आधी गवत संपलं, मग गवताची मुळं संपली, मग शेळ्या एकमेकींच्या अंगाला चिकटलेली काडीसुद्धा ओढून खाऊ लागल्या. याच दिवसांत खैरी व्याली. करडू मादी होती, कपाळावर पांढरा ठिपका होता. तिने तिचं नाव टिकली ठेवलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या फायद्याची होती. वानरं कुंपणावर चढत नसत. ज्यांचा जन्म झाडांवर गेला त्यांना ते खांब म्हणजे काहीच नव्हते, तरी एकाही वानराने त्यावर कधी पाय ठेवला नाही. "आपल्या शिंगांना भितात," असं जटाळ रोज सांगे आणि ऐकून सगळ्यांना बरं वाटे.

एकदा सकाळी एक म्हातारी वानरी एकटीच कोटासमोर येऊन बसली. तिच्या हातात हिरवी डहाळी होती, म्हणजे ती बोलायला आली होती.

"खांब आमचे आहेत," ती म्हणाली. "ते इथेच सोडा आणि जिवंत परत जा. तुमच्या वाटेला कोणी येणार नाही."

जटाळ कुंपणाआडून म्हणाला, "तुमचे कसे? रोवले आम्ही."

"तोडलेही तुम्हीच."

"आम्ही स्वतंत्र प्राणी आहोत. आम्ही कोणाच्या धमकीला भीक घालत नाही."

वानरीने डोकं खाजवलं. "वाघाने तुमची करडं नेली तेव्हा आम्हाला वाईट वाटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही आमच्या झाडांचं जे केलं त्याचं तुम्हाला कधी वाईट वाटलं का?"

तेवढ्यात खैरीच्या शेजारचा खांब राखणारी मुंडी मावशी मध्ये पडली. मावशीला जन्मापासून शिंगं नव्हती आणि ती उणीव ती जिभेने भरून काढत असे. "अगं ए, येवढी चिडलीयास तर कुंपणावरनं उडी मारून का येत न्हाईस? काटं टोचत्यात व्हय गं?"

"तोडलेल्या फांदीवर आमच्यात कोणी पाय देत नाही," वानरी शांतपणे म्हणाली. "एकतर ती मरावी लागते, नाहीतर पुन्हा झाड व्हावी लागते. मधल्या काळात ती दुखण्यात असते."

कोटात हशा पिकला. कितीतरी दिवसांनी शेळ्या हसल्या. खैरीही हसली. भुकेल्या पोटी हसलं की बरगड्या दुखतात, हे तिला तेव्हा कळलं. वानरीने डहाळी खाली ठेवली आणि ती निघून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खैरीच्या खांबाला एक कोंब फुटला.

तिला आधी खरंच वाटेना. ऐन उन्हाळा, जमीन तापलेली, आणि त्या बोडक्या लाकडातून एक हिरवा डोळा बाहेर आलेला. दोन दिवसांत त्याची पानं झाली. खैरीने इकडेतिकडे पाहिलं आणि एक पान खाल्लं. त्या संध्याकाळी टिकली प्याली तेव्हा तिच्या तोंडाच्या कडेला दुधाचा फेस आला. खैरीने तो फेस चाटला आणि तिला रडू फुटलं.

पालवी तिच्या एकटीच्याच खांबाला फुटली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुंडी मावशीच्या तोंडाला हिरवा वास येत होता.

"मावशी, काय खाल्लंत?"

"काय न्हाई. तू काय खाल्लंस?"

"काही नाही."

"मंग गप ऱ्हा की."

जटाळला हे कळलं तेव्हा त्याने भर कोटात जाहीर केलं की भिंतीला तोंड लावील ती फितूर. त्याच्या स्वतःच्या खांबाला पालवी फुटत होती आणि रोज नाहीशी होत होती, पण त्याच्या झिपऱ्यांत काय लपलंय हे बघायची कोणाची छाती नव्हती. बहुतेकींनी पानांनंतर सालीलाही दात लावले. साल खाल्ली की पोट एकदाच भरे आणि खांब वाळून जाई. मावशीचा खांब असाच वाळला. खैरी मात्र फक्त पानं खाई, तीही वरवरची. त्या खांबाच्या बुडाशी जमीन कशी कोण जाणे, गार असे. टिकली दिवसभर तिथेच पोट टेकून पडे.

मग तो आवाज सुरू झाला. तिन्हीसांज झाली की खांबांच्या पलीकडे, अगदी बुडाशी, कोणीतरी माती उकरत असे. खरवड, खरवड, मग थोडा वेळ शांतता, आणि पुन्हा खरवड. कुंपणाला बाहेरून काटेरी फांद्यांचा थर होता, त्यामुळे दिसत काहीच नसे.

"खांब उकरतायत," जटाळ म्हणाला. "बुंध्याची माती काढली की भिंत आडवी होईल. यापुढे ज्याच्या खांबाशी आवाज येईल त्याने फटीतून शिंग घालायचं. विचारपूस करायची नाही."

दोन-चार ठिकाणी शिंगं गेली. बाहेर किंकाळ्या उठल्या. त्या खांबांची पालवी पुढे कोमेजली, पण हे कोमेजणं आणि त्या किंकाळ्या यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. उन्हाळा होता, पानं वाळतातच.

एका संध्याकाळी खैरीच्या खांबाशी खरवड सुरू झाली. टिकली बुडाशीच झोपली होती. तिच्या नाकापासून तो आवाज वीतभर अंतरावर होता. खैरी ताडकन उठली. इथेच, नेमकं माझ्या लेकराच्या डोक्याशी भोक पाडतायत, असं तिला वाटलं आणि डोळ्यांपुढे नदीच्या पाण्यात मागे वळलेलं पहिलं करडू उभं राहिलं. तिने मान खाली घातली आणि सगळ्या अंगाचा भार देऊन उजवं शिंग फटीतून घुसवलं. ते कशात तरी मऊ रुतलं. तिने मान झटकली तेव्हा शिंगाचं टोक मोडून बाहेरच राहिलं. पलीकडे कोणी किंचाळलं नाही. फक्त एक मोठा उसासा ऐकू आला आणि मग काहीतरी जड ओढत नेल्यासारखा आवाज लांब गेला.

जटाळने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. मोडकं शिंग हा या कोटाचा मान आहे, असं तो म्हणाला. खैरीला त्या रात्री स्वस्थ झोप लागली. इतकी स्वस्थ झोप तिला त्यानंतर कधी लागली नाही.

आवाज थांबला. चार दिवस गेले नाहीत तोच खांबाची पानं कडेने पिवळी पडली, मग गळली. नवा कोंब येईना. खांबाच्या बुडाशी जमीन तव्यासारखी तापू लागली आणि टिकली तिथून उठून सावली शोधत फिरू लागली. खैरीचं दूध आटलं. टिकली आचळाला ढुशा देई, काही येत नसे, तरी देत राही. मग तीही थांबली. करडू ढुशा द्यायचं थांबलं की शेळीला काय होतं ते सांगता येत नाही. खैरी त्या वाळक्या खांबाला तोंडाने शिव्या देई आणि लगेच त्यालाच चाटे.

"आण हिकडं तिला," मुंडी मावशी म्हणाली. तिच्याकडेही द्यायला काही नव्हतं. तिने टिकलीला थोडा वेळ कुशीत घेतलं, हुंगलं आणि परत दिलं. "मी भाईर जाती. ओढ्याच्या कडंला घास हाय, म्या बघितलाय दाराच्या फटीतनं."

"मावशी, दगड मारतील."

"मारू देत. मला शिंगं न्हाईत, मी शेळी हाय का मेंढरू, त्यास्नी तरी कुटं कळतंय?" ती हसली आणि दाराच्या फटीतून बाहेर पडली. खैरीने दगडांचा आवाज ऐकला. ओढ्याच्या कडेचा घास तिथेच राहिला.

त्याच संध्याकाळी खैरीच्या खांबाशी पुन्हा खरवड सुरू झाली.

हा आवाज वेगळा होता. बारीक, अडखळता, मधेच थांबे आणि पुन्हा सुरू होई. खैरीने मान उचलली. तिच्याजवळ अजून एक धड शिंग होतं आणि कायदा तिला पाठ होता. पण टिकली तिच्या पायांशी पडली होती, श्वास मोजावा लागत होता, आणि मावशी बाहेर दगडांत पडली होती. उकरा, खैरी मनात म्हणाली. उकरा आणि पाडा एकदाची ही भिंत. काय व्हायचं ते होऊ दे, पण हे संपू दे. ज्या कोटासाठी आपण घसा फोडून ओरडलो तो पडावा असं आपल्यालाच वाटतंय, याची तिला इतकी लाज वाटली की तिने तोंड फिरवून घेतलं. शिंग मात्र तिने घातलं नाही.

भिंत पडली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही खरवड झाली, तिसऱ्याही. आणि मग एका सकाळी खांबाच्या वाळक्या सालीतून कोंब आला, त्याच्या खाली दुसरा. खैरीने ती कोवळी पानं चावून चावून टिकलीच्याच तोंडात घातली. टिकली आधी गिळेना, मग गिळली. बुडाची जमीन पुन्हा गार झाली. टिकली सरपटत जाऊन तिथे पोट टेकून पडली.

ही पालवी वाढत असतानाच नदीकडून एक बगळा आला. तो वाघाचा वकील होता. कुठेही उभा राहिला तरी एका पायावर, म्हणजे दुसरा केव्हाही मोकळा. तो कोटाच्या दारावर उतरला आणि त्याने घसा खाकरला.

"महाराज थकले आहेत," तो म्हणाला. "नदीकाठी तह झाला. यापुढे करडं मागितली जाणार नाहीत. तुम्ही स्वतंत्र आहात. आणि स्नेहाची खूण म्हणून अलीकडचं सगळं रान, या डोंगरासकट, महाराजांनी शेळ्यांना दिलं आहे."

उतारावरून वानरं ऐकत होती. त्यांच्यातलं कोणीतरी काही विचारलं असावं, कारण बगळा तिकडे वळून म्हणाला, "तुमच्याबद्दल तहात काही नाही." मग तो उडून गेला.

कोटात जल्लोष झाला. शेळ्या एकमेकींच्या अंगावर पडून रडल्या. खैरी टिकलीला चाटत राहिली. तुला कोणी नेणार नाही, तुला आता कोणी नेणार नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ते खरं होतं आणि त्यासाठी तिने सगळं सोसलं होतं. डोंगरावर वानरं उठली आणि एकामागून एक पलीकडे उतरू लागली. कोणी दगड मारला नाही.

जटाळने दार उघडलं. "डोंगरापलीकडे अजून एक राई आहे," तो म्हणाला. "ती आता आपली. पुढचा कोट तिथे. नवे खांब पाडीपर्यंत हेच कामाला येतील. ज्याचा खांब त्याने उपटायचा आणि चालू लागायचं."

काटेरी थर बाजूला झाला. खांब पटापट निघाले. बहुतेक वाळलेलेच होते. खैरी टिकलीला घेऊन दारातून बाहेर आली आणि वळसा घालून आपल्या खांबाशी गेली. कोटात राहायला आल्यापासून तिने तो बाहेरून पाहिलाच नव्हता.

खांबाच्या बुडाशी एक आळं होतं.

झाडाला पाणी घालायला करतात तसंच, हाताने उकरून, कडेने मातीचा बांध घालून नीट लिंपलेलं. पण ते अर्धंच होतं. उरलेला अर्धा भाग कोटाच्या आत पडत होता आणि तिथली जमीन खैरीच्याच खुरांनी दगडासारखी झाली होती. बांधावर बोटांचे ठसे होते. खाली मोठे, वाळून भेगाळलेले. त्यांच्यावर लहान, टिकलीच्या खुरांएवढे, अजून ओले. खैरीने मान वर करून पाहिलं. एकामागून एक, जिथे जिथे खांब उपटले जात होते तिथे तिथे मातीत तसंच एक अर्धं आळं होतं. काही सुकलेली होती आणि त्यांच्या कडेची माती काळी पडली होती.

तिच्या आळ्याजवळ कवठाच्या कवचाची एक वाटी होती. ओढा तिथून बराच लांब होता. वाटीत अजून पाणी होतं. आणि बांधाच्या एका टोकाला, वाटेत येऊ नये म्हणून कोणीतरी बाजूला काढून ठेवावं तसं, तिच्या शिंगाचं मोडलेलं टोक ठेवलेलं होतं.

खैरी खाली वाकली. तिने ते टोक हुंगलं. म्हातारी वानरी काय म्हणाली होती ते तिला शब्दन् शब्द आठवलं, आणि त्यावर आपण हसलो होतो तेही आठवलं. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण ओरडून कोणाला काय सांगणार? डोंगराच्या माथ्यावर आता कोणीच नव्हतं.

"खैरे," जटाळने हाक मारली. सगळा कळप पाठीवर खांब घेऊन तयार होता. "तुझा एकटीचाच राहिलाय. उपट लवकर."

खैरीने खांबाला एकदा ढुशी दिली. तो हलला नाही. आत खोल कुठेतरी त्याने जमीन धरली होती.

"निघत नसेल तर तोडा रे," जटाळ म्हणाला आणि दोन दांडगे बोकड पुढे आले.

खैरी वळली. बोकड आणि खांब यांच्या मधोमध ती उभी राहिली आणि तिने मान खाली घातली, एक शिंग मोडकं, एक धड. बोकड थबकले. तिच्या पाठीमागे टिकलीने ओल्या ठशांवर पाय ठेवून वाटीत तोंड घातलं आणि ती पाणी पिऊ लागली.